निळ्या करंगळ्या

दुसऱ्यांच्या पोरांना वाटेत अडवायचं, कान धरून पुढे ओढायचं आणि कानामागे डोकावून बघायचं, हा बू वार्सिनीचा त्या आठवड्यातला मुख्य उद्योग होता. पोरं शाळेला निघाली की ही दारात उभी, पोरं परतली की ही कोपऱ्यावर उभी. शेवटी शेवटी तर ती लांबून दिसली तरी गल्लीतली पोरं दोन्ही कान हातांनी झाकून शेजारच्या बोळातून पसार व्हायची. मग ती त्यांच्या आयांना गाठायची आणि बजावायची, की गोवर काही एकदम अंगावर उठत नाही; आधी ताप येतो, नाक गळतं, खोकला होतो, डोळे लाल होतात आणि मग कानामागून, कपाळावरून पुरळ सुरू होऊन खाली उतरत जातं. पाण्याचे फोड आले आणि खाज सुटली तर त्या कांजिण्या. तोंडात आणि तळहात-तळपायांवर आले तर ते आणखी तिसरंच. आया मान डोलवायच्या आणि ती पुढे गेली की हसायच्या.

तिला हसणं सोपं होतं, अडवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. तिचा नवरा पाक सुत्रिमो गल्लीचा प्रमुख. गल्लीप्रमुखाला आमच्याकडे एर्ते म्हणतात आणि त्याच्या बायकोला, तिला कुणी निवडून दिलेलं नसलं तरी, बू एर्ते, म्हणजे एर्तेबाई. पाक सुत्रिमोला मत देताना कारभार कुणाच्या हातात जाणार हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याच्याकडे गल्लीचा शिक्का आणि कर्णा, बाकी सगळं तिच्याकडे. महिन्याला तान्ह्या बाळांना वजनाच्या झोळीत घालायचं, कुणाची कुठली लस राहिली ते आयांच्या डोक्यावर बसून सांगायचं, ही कामं ती वर्षानुवर्षं नेटाने करत आली होती. पण या वेळी ती जी अशी हात धुऊन मागे लागली होती, त्याचं कारण तिच्या घरातच दुपट्यावर पडून पायाचा अंगठा चोखत होतं.

ते कारण म्हणजे किनांती, तिची एकुलती एक नात. येत्या बुधवारी किनांतीचा पाय पहिल्यांदा जमिनीला लावायचा होता. तोवर बाळ कडेवर नाही तर दुपट्यावर. मातीला पाय नाही. तो दिवस आपल्या मनाने ठरत नाही. बाळ ज्या वारी जन्मलं तो वार आणि दर पाच दिवसांनी फिरून येणारा आमच्याकडचा बाजाराचा वार सातव्यांदा जुळून यावे लागतात, तेव्हा बाळाला आठवा महिना सरत आलेला असतो. आणि गोवराची लस टोचतात नववा महिना पुरा झाल्यावर. एरवी या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नसतो. पण नेमका त्याच आठवड्यात कालव्यापलीकडच्या वाडीत गोवर निघाला.

बरं, विधी घरातल्या घरात उरकता आला असता तर गोष्ट वेगळी. पण त्या दिवशी शेवटी पिवळ्या तांदळात नाणी मिसळून अंगणात उधळतात, आणि ती वेचायला गल्लीतलं यच्चयावत पोर येतं. यायलाच हवं. पोरांची झुंबड उडाली नाही तर त्या बाळाचं पुढे काही खरं नाही, असं म्हणतात. म्हणजे ज्या दिवशी किनांतीच्या अंगावर लशीचं कवच नाही, नेमक्या त्या दिवशी गल्लीतली सगळी शेंबडी नाकं तिच्याभोवती गोळा होणार होती. पाक सुत्रिमोने भीत भीत सुचवून पाहिलं, की कार्यक्रम महिनाभर पुढे ढकलू.

"तो वार काय तुमची सभा आहे, माणसं आली नाहीत म्हणून पुढे ढकलायला?" बू वार्सिनी म्हणाली. "दिवस तोच राहणार, पोरंही येणार. फक्त ज्यांना लस टोचलेली आहे तीच येणार."

हे तिने ठरवलं आणि विषय संपला. निदान तिच्या बाजूने.

पहिली ठिणगी गुरुवारी पडली. समोरच्या विजीचा पोरगा गिलांग अंगणात अंग खाजवत उभा होता आणि त्याच्या मानेवर लालभडक पुरळ होतं. विजीचं किराणा-साबणाचं छोटं दुकान. नवरा मालाचा ट्रक घेऊन सुमात्राच्या वाटेवर, महिना महिना येत नसे. गिलांगला गोवराची लस टोचलेली नव्हती, आणि विजी त्या विषयावर बोलायलाही तयार नसे. बू वार्सिनीने लांबूनच ते पुरळ पाहिलं, घरात जाऊन कपडे वाळत घालायची दोरी आणली आणि विजीच्या दुकानापुढे आडवी बांधून टाकली. गल्ली जमा झाली. कुणी म्हणालं गोवर, कुणी म्हणालं कांजिण्या, एकाने तर गिलांगचे तळपाय उलटे करून पाहिले. बू वार्सिनी दोरीच्या अलीकडून विचारत होती, ताप आहे का, डोळे लाल आहेत का, आणि विजी दोरीच्या पलीकडून सांगत होती की पोरगं सकाळपासून माकडासारखं झाडावर होतं, त्याला कुठला आलाय ताप. दुकानातलं गिऱ्हाईक केव्हाच पांगलं होतं.

'झाडावर' हा शब्द ऐकून एक म्हातारा शेवग्याखाली गेला आणि काठीने फांदी खाली वाकवली. फांदीला केसाळ सुरवंट लगडले होते. विजीने त्यातला एक काडीवर घेतला आणि गल्लीच्या साक्षीने बू वार्सिनीच्या नाकासमोर धरला.

"बू एर्ते," ती म्हणाली, "गोवराला पाय असतात का हो?"

त्या दिवसापासून गल्लीत बू वार्सिनी दिसली की कुणी ना कुणी तेच विचारायचं. तिने दोरी सोडली, पण माघार घेतली नाही. चूक झाली ती ओळखण्यात, टोचण्यात नाही, असं ती पाक सुत्रिमोला म्हणाली. पाक सुत्रिमोने मान डोलावली. तो तिशी पार केलेला नवरा होता, म्हणजे लग्नाची तिशी.

रविवारी दवाखान्याच्या नर्सबाई, ज्यांना सगळे बू बिदान म्हणत, लशीची थंड पेटी घेऊन गल्लीच्या सभामंडपात येऊन बसल्या. सकाळ गेली, तीन पोरं आली. ज्याला टोचलं त्याच्या करंगळीला न धुतली जाणारी जांभळट निळी शाई लावायची, म्हणजे कुणाचं झालं आणि कुणाचं राहिलं ते कळतं. शाईची बाटली जवळजवळ तशीच राहिली. बू बिदान वैतागल्या, कारण लशीची कुपी एकदा फोडली की थोड्या तासांत संपवावी लागते, उरलेली फेकून द्यायची. तीन पोरांसाठी सबंध कुपी गेली. बाकीच्या आयांकडे कारणं तयार होती. एकीचं पोर नुकतंच पडशातून उठलं होतं, एकीचं पडशात पडायच्या बेतात होतं, एकीच्या सासूने गोवर काढला होता आणि ती अजून ठणठणीत होती. विजी तर आलीच नाही.

"उद्या-परवा मी दवाखान्यात आहे," बू बिदान पेटी स्कूटरला बांधत म्हणाल्या, "तिकडे पाठवा. मी हात जोडून दारोदार फिरू शकत नाही."

बू वार्सिनी हात जोडणाऱ्यांतली नव्हतीच. तिने संध्याकाळी नवऱ्यासमोर कर्णा ठेवला आणि काय वाचायचं ते सांगितलं. मजकूर लांबलचक होता: गोवर म्हणजे काय, त्याने न्यूमोनिया कसा होतो, डोळे कसे जातात, लस कुठे मिळेल, कोण देईल, आणि सगळ्यात शेवटी, ज्या मुलाने लस टोचून करंगळीला शाई लावून घेतली असेल त्यालाच बुधवारी नाणी वेचायला प्रवेश, आणि या वेळी नाण्यांबरोबर नोटाही उधळल्या जातील. पाक सुत्रिमोला मगरीबच्या नमाजाला जायचं होतं. त्याने मनाशी विचार केला, की लोकांना न्यूमोनियात काय गोडी? त्याने कर्ण्यावरून एवढंच सांगितलं: बुधवारी ज्याची करंगळी निळी असेल त्यालाच आत सोडलं जाईल. नोटांचं मात्र दोनदा सांगितलं.

सोमवारी दुपारी बू वार्सिनीला पहिली निळी करंगळी दिसली. संध्याकाळी पाच-सहा दिसल्या. मंगळवारी गल्लीत ज्या पोराकडे पाहावं त्याची करंगळी निळी. पोरं आता तिला बघून पळत नव्हती; उलट करंगळी नाचवत समोर येत होती. तिचा ऊर भरून आला. नोटांची कल्पना किती अचूक होती हे ती चुलीजवळ बसून चिकट भाताच्या सात रंगांच्या वड्या थापताना पुन्हा पुन्हा मुलीला, वोरोला, सांगत होती. वोरो किनांतीला पाजत ऐकत होती. तिने फक्त एकदा विचारलं, की बू बिदानना फोन करून खात्री केलीस का. फोन केला होता, पण दवाखाना आटोपून त्या कालव्यापलीकडच्या वाडीत गेल्या होत्या आणि तिथे फोन लागत नाही. आणि खात्री कसली करायची? डोळ्यांना दिसत होतं ते.

बुधवारी सकाळी अंगणात मांडव सजला. उसाची शिडी उभी राहिली, कोंबड्यांचा बांबूचा पिंजरा रंगीत कागदांनी मढवला, त्यात बाळाने उचलायच्या वस्तू मांडल्या; जे उचलेल त्यावरून त्याचं पुढचं कळतं म्हणतात. पाक सुत्रिमो हातात माईक घेऊन उगाच 'हॅलो, एक, दोन' करत होता. बू वार्सिनी नवी दुधी रंगाची केबाया, म्हणजे लांब बाह्यांचा सणाचा अंगरखा, घालून फाटकात उभी राहिली, आणि पोरांची रांग आत येऊ लागली. प्रत्येकाने आधी करंगळी दाखवायची, मग तिचा हात हातात घेऊन कपाळाला लावून नमस्कार करायचा आणि आत जायचं. वडीलधाऱ्यांना असा नमस्कार केल्याशिवाय आमच्याकडे कुठलंही पोर घरात शिरत नाही, कितीही वाह्यात असो. बू वार्सिनी प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि मधेमधे घाम पुसत होती, कारण ऊन चढलं होतं.

तेवढ्यात म्बाह सोमो आली. गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई, तिला कानाने कमी ऐकू यायचं पण डोळे घारीचे होते. ती फाटकात थबकली, बू वार्सिनीकडे निरखून बघत राहिली आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाला शोभेल अशा आवाजात म्हणाली, "मोठेपणी गालगुंड झालेलं वाईट बाई. पण नीळ लावलीस ते बरं केलंस. उतरेल."

आमच्याकडे गालगुंड झालं की सुजलेल्या गालाला कपड्यांची नीळ फासायची रीत आहे. औषध म्हणून त्याचा किती उपयोग होतो ते देव जाणे, पण निळा गाल दिसला की दुसरं काही विचारावं लागत नाही. आणि बू वार्सिनीचा उजवा गाल कानापासून हनुवटीपर्यंत निळा होता. फुगीर तर तिचे गाल जन्मापासूनच होते.

मांडवात खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. एका बाईने आपलं तान्हं पदराआड घेतलं. दुसरीला एकाएकी घरी चूल पेटती राहिल्याची आठवण झाली. मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली, की म्हणूनच ही सगळ्यांचे कान तपासत होती तर, स्वतःचं झाकायला. जिने आठवडाभर गल्लीला आजार ओळखायला शिकवलं, तिचा आजार गल्लीने अर्ध्या मिनिटात ओळखला. बू वार्सिनी सांगत होती की मला काही झालेलं नाही, पण बोलताना तिने गालाला हात लावला आणि हनुवटीच्या दुसऱ्या बाजूलाही निळा पट्टा उमटला. दारातून वोरो किनांतीला घेऊन बाहेर येत होती. ती जागीच थांबली.

"आई," तिने विचारलं, "तुला ताप आहे का?"

आणि बाळाला घेऊन ती दोन पावलं मागे गेली.

हे मात्र बू वार्सिनीच्या काळजाला लागलं. ज्या लेकरासाठी जिवाचं रान केलं त्याला आपल्यापासून दूर नेतात म्हणजे काय. ती तरातरा जाऊन फाटकाबाहेर लावलेल्या एका स्कूटरच्या आरशात डोकावली. मग तिने आपला उजवा हात पाहिला. तळहात, बोटं, बाहीची कड, सगळं निळं. तिने हात नाकाशी नेला. तो वास तिच्या ओळखीचा होता. पाक सुत्रिमोच्या पांढऱ्या सदऱ्यांना येतो तोच.

मोरीतून पाण्याचं घमेलं आणि साबणाची वडी आणून तिने फाटकात ठेवली आणि आत गेलेल्या पोरांना पुन्हा बाहेर बोलावलं. पहिल्याने करंगळी बुडवली, चोळली, बाहेर काढली. करंगळी आईच्या पोटातून आली तशी स्वच्छ. दुसऱ्याची तशीच. पाचव्या-सहाव्या पोरापर्यंत घमेल्यातलं पाणी असं झालं होतं, की त्यात चादरी घातल्या असत्या तर उजळून निघाल्या असत्या. साबणाला दाद दिली नाही ती फक्त तीन करंगळ्यांनी. रविवारी आलेल्या त्या तीन. बाकीच्या पोरांना कुणी बोटं बुडवून दिली हे विचारायची गरजच पडली नाही, कारण गल्लीत नीळ एकाच दुकानात मिळायची, आणि सगळ्यांनी एकदम विजीकडे पाहिलं.

विजी जागची हलली नाही. "तुम्ही निळी करंगळी मागितलीत, मी निळी करंगळी दिली," ती म्हणाली. "कर्ण्यावर टोचण्याचं नाव तरी होतं का?"

बू वार्सिनीने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. पाक सुत्रिमो माईकची वायर सोडवण्यात फार गुंतला होता.

"तुला ठाऊक होतं मी कशासाठी मागते ते," बू वार्सिनी विजीला म्हणाली. "पोराच्या जिवाशी असला खेळ करतेस?"

"जिवाशी?" विजीचा आवाज चढला. "मागे ती दुसरी लस टोचलीत तेव्हा गिलांग रात्रभर फणफणला होता. नवरा तिकडे बोटीवर ट्रक चढवत होता. मी एकटी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तुम्ही दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलंत की एवढं होतंच. होतंच ना? मग रात्री कुठे होतात?"

ते खरं होतं आणि बू वार्सिनीला ते ठाऊक होतं. पण हटणं तिच्या रक्तात नव्हतं. तिने आत जाऊन बू बिदानना फोन लावला, आणि या वेळी तो लागला. मग पिवळे तांदूळ, नाणी आणि नोटा भरलेलं मोठं पितळी भांडं तिने छातीशी धरलं, आणि निळ्या गालानिशी ती अंगणाच्या मधोमध खुर्ची टाकून बसली. टोचून झाल्याशिवाय एक दाणा उधळणार नाही, आणि मुहूर्त टळला तर टळू दे, असं तिने सांगितलं. गालगुंडाची शंका फिटली होती, पण उठून कुणालाही जाता येईना, कारण आतून उकडलेल्या कोंबडीचा आणि नारळाच्या दुधाचा वास यायला लागला होता.

बू बिदान पेटी घेऊन आल्या त्याच मुळी रागाने. सकाळीच कालव्यापलीकडच्या वाडीतून एका पोराला त्यांनी मोठ्या इस्पितळात पाठवलं होतं. गोवर छातीत उतरला होता, पोराला प्राणवायू लावावा लागला. ते त्यांनी फार तिखटमीठ न लावता सांगितलं, हात धुतले आणि म्हणाल्या, की कुपी फोडते, पण या वेळी एक थेंब फुकट जाता कामा नये. आया एकमेकींकडे बघू लागल्या. पोरांना मात्र एकच गोष्ट दिसत होती, ती म्हणजे भांड्यात वरच ठेवलेल्या नोटा. त्यांनी आयांचे हात धरून ओढायला सुरुवात केली. जगात आजवर लस टोचून घेण्यासाठी एवढी धक्काबुक्की क्वचितच झाली असेल. गिलांग सगळ्यांना ढकलून पुढे आला आणि बाही दंडापर्यंत चढवून उभा राहिला.

बू बिदान सुई तशीच धरून विजीकडे बघत राहिल्या. आईच्या होकाराशिवाय त्या टोचत नसत.

"आज रात्री ताप येईल का?" विजीने विचारलं.

"आज नाही. आलाच तर आठ-दहा दिवसांनी येतो, एखाद-दुसरा दिवस राहतो. औषध देऊन ठेवते. पलीकडच्या पोराला आठ दिवस झाले, अजून उतरलेला नाही."

विजीने गिलांगकडे पाहिलं. मग पुढे होऊन तिने त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि मान हलवली. त्यानंतर रांग भराभर सरकली. रडारड झाली, एक पोर मांडवाच्या खांबाला घट्ट बिलगून बसलं, पण सगळ्यांचं झालं. बू वार्सिनी भांडं सावरत प्रत्येकाला सांगत होती, की मुंगी चावल्यासारखं होतं, त्यात काय रडायचं, वाघाचा बच्चा ना तू. तिचा विजय झाला होता आणि तो तिच्या चेहऱ्यावर, नीळ नव्हती तेवढ्या जागेत, स्पष्ट दिसत होता.

"चला, आता बाळाला आणा," बू बिदान म्हणाल्या.

"कुठल्या?" बू वार्सिनीने विचारलं.

"तुमच्या."

बू वार्सिनी हसली. तिने समजावून सांगितलं, की किनांतीला आठच महिने झालेत, गोवराची लस नवव्याला, हे मी गेली कित्येक वर्षं सांगत आले आहे. बू बिदान म्हणाल्या, की ते एरवी. आजार असा कालव्याच्या पलीकडे येऊन बसला की सहा महिन्यांच्या बाळालाही देतात, आणि मग वेळ झाली की नेहमीची पुन्हा द्यायची. वोरो ते ऐकून बाळाला घेऊन पुढेही आली. आणि बू वार्सिनी भांड्यासकट उठून त्या दोघींच्या मधे उभी राहिली.

ती म्हणाली, आज तिचा शुभ दिवस आहे. मग म्हणाली, सकाळी ती दोनदा शिंकली. मग तिने बाळाचा दंड हातात घेतला आणि म्हणाली, हा बघा केवढासा दंड, यात सुई घुसवणार कुठे? ती आयुष्यात कुणाला भ्यायली नव्हती, पण तिला आता भीती वाटत होती. ती बू बिदानच्या कानाशी वाकली आणि अजिजीने कुजबुजली.

"नुसती शाई लावून टाकलीत तर नाही का चालणार?"

दुर्दैवाने पाक सुत्रिमो शेजारीच उभा होता, आणि माईकची वायर त्याने एकदाची सोडवलेली होती. बू वार्सिनीची कुजबुज दोन्ही कर्ण्यांतून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

विजी म्हणाली, "चांगली शाई कशाला वाया घालवता, बू बिदान? माझ्याकडे नीळ शिल्लक आहे."

मांडव हसून हसून लोटपोट झाला. म्बाह सोमोला काय झालं ते ऐकू आलं नव्हतं, पण तीही हसली. बू वार्सिनी हसली नाही. शरमेने तिचे कान लाल झाले, पुरळाशिवाय, नुसतेच. तिने भांडं खाली ठेवलं, खुर्ची ओढली, वोरोच्या हातातून किनांतीला घेतलं आणि मांडीवर बसवलं. बाळाची बाही तिने स्वतः वर केली.

"टोचा," ती म्हणाली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

किनांतीने टाहो फोडला. तो तिने लवकर आवरला, पण आजीचा आवरायला वेळ लागला. ती बाळाला छातीशी कवटाळून घळाघळा रडली, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी गालावरून निळं होऊन केबायावर उतरलं. तिच्याशेजारी उभं राहून कुणीतरी पदराने ते पुसत होतं. डोळे उघडल्यावर तिने पाहिलं तर ती विजी होती.

मुहूर्त केव्हाच टळला होता. किनांती उसाची शिडी चढली, म्हणजे तिला चढवलं, आणि तिचे गुबगुबीत पाय पहिल्यांदा मातीला लागले. तिने ते चटकन वर ओढले आणि मग पुन्हा स्वतःच खाली ठेवले. बू वार्सिनीने मूठ मूठ तांदूळ-नाणी उधळली आणि पोरांनी अंगणाची जी काही दशा केली, ती पुढे आठवडाभर निस्तरावी लागली.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर बू वार्सिनी आणि विजी दोघी जणी खुर्च्या रचत होत्या.

"बू एर्ते," विजीने विचारलं, "पुढच्या आठवड्यात गिलांगला रात्रीचा ताप चढला तर?"

"तर माझं दार वाजव. कितीही वाजलेले असोत."

विजीने खुर्चीवर खुर्ची ठेवली. "आणि किनांतीला चढला तर?"

बू वार्सिनीने एकदा घराकडे पाहिलं. आत वोरो अंगाई म्हणत होती.

"तर मी तुझं वाजवीन," ती म्हणाली.

"मग मी कडी लावत नाही," असं म्हणून विजी दुकान उघडायला गेली.